बसच्या डाव्या बाजूला

२० नोव्हेंबर, सोमवार
लहुराबीरच्या वळणावर आज बस इतकी जवळून गेली की पदर पत्र्याला घासला. काळा पट्टा उमटलाय, निघेल असं वाटत नाही. या नव्या विजेच्या बसना आवाजच नाही. जुनी खटारा गाडी चौकापलीकडून ऐकू यायची, माणूस आधीच कडेला व्हायचा. आता मागे बस आहे हे कळतं तेव्हा हॉर्न कानात शिरलेला असतो.
कमला माझ्या मागे होती. आमच्या शाळेतली शिपाई. रोज मैदागिनला भेटतो, तिथून सिगऱ्याला शाळेपर्यंत दोघींच्या सायकली बरोबर. तिने नंबर पाठ करून ठेवला होता. "दीदी, लिख लीजिए, आज नहीं तो कल काम आएगा."
संध्याकाळी मुकुंदला सांगितलं. गेले आठ महिने तोही असलीच विजेची बस चालवतो. जेवता जेवता म्हणाला, "सायकलवाले मध्येच घुसतात, आई. आम्ही काय गाडी उडवून न्यायची?"
मुलगा "आम्ही" म्हणाला. म्हणजे मी "तुम्ही" झाले.

२२ नोव्हेंबर, बुधवार
बसच्या दफ्तरात अर्ज दिला. न बघता थांब्याकडे गाडी वळवतात, सायकली कठड्याला चेपतात, वगैरे. सोमवारचा नंबर आणि वेळही घातली. सहा शिक्षिकांच्या सह्या. त्यातल्या तिघी ई-रिक्षाने येतात. कमलाला सही करायची होती. मोठ्या बाई म्हणाल्या, शिपायाची नको, वजन कमी होतं.
दफ्तरातला बाबू: "दुर्घटना हुई है?"
मी: नहीं.
"तो फिर?"
तरी शिक्का मारून घेतला.

२५ नोव्हेंबर, शनिवार
बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर जोशीकाका भेटले. इथल्या मराठी घरांची खबर ठेवणं एवढंच त्यांचं काम उरलंय. म्हणाले, "तुझे सासरे घनपाठी वैदिक. आणि नातू बस हाकतो."
म्हटलं, हाकतो, चोरी करत नाही.
घरी येईपर्यंत राग गेला नाही. बाहेर मी याची बाजू घ्यायची आणि घरात यानं मला रस्त्यावरची अडचण म्हणायचं. पाच वर्षं परीक्षा दिल्या त्यानं, एकीतूनही नोकरी लागली नाही. मग हे. लायसन्स मिळालं त्या दिवशी किती खूष होता. मीच पेढे वाटले होते, जोशीकाकांनाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार
देवदिवाळीची छुट्टी. घाटाकडचे रस्ते बंद, म्हणून मु. दुपारीच घरी आला. आला तो पानावर न बसता उभाच.
"आई, तो अर्ज तू दिलास?"
गेल्या सोमवारची ती गाडी याचीच होती. मॅनेजरनं सगळ्यांसमोर अर्ज वाचून दाखवला. फाइलला लागला. पुन्हा काही झालं तर घरी बसा म्हणाले.
विचारलं, तुला दिसले नाही का मी?
"मागून सगळ्या सायकली सारख्याच दिसतात."
मग मी बोलले ते बोलायला नको होतं. म्हटलं, तुझे बाबा तीस वर्षं सायकलवरून स्टेशनात कामाला गेले, तू तेव्हा गाडीवर असतास तर त्यांनाही घेतलं असतंस चाकाखाली.
ताट तसंच ठेवून निघून गेला. खाली घाटावर दिवे लावायला माणसं यायला लागली होती. मी काही खाली उतरले नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार
बोलणं बंद. मी डबा ओट्यावर ठेवते, तो उचलून नेतो. संध्याकाळी रिकामा परत ठेवतो, धुऊन.

३० नोव्हेंबर, गुरुवार
कमला. मलदहियाच्या थांब्यावर. आज लिहिता येणार नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार
लिहिते. जसं झालं तसं.
सकाळी मलदहियाला जाम. बस थांब्याच्या थोडं अलीकडे अडकून उभी. आम्ही नेहमीसारख्या डाव्या बाजूनं, बस आणि लोखंडी कठडा यांच्या मधून निघालो. मी पुढे, कमला मागे. मी पुढे निघून गेले. ती मध्येच असताना बस सुटली आणि तशीच डावीकडे, थांब्याकडे वळली. आवाज नाहीच. पहिला आवाज कमलाचा. मागचं चाक तिच्या पायावर होतं.
लोकांनी बसवर हात आपटले, ड्रायव्हरला खाली ओढलं. मुकुंद होता.
दोघा-तिघांनी कॉलर धरली. एकानं थोबाडीत मारली, मग दुसऱ्यानं. मी दहा हातांवर, कमलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. त्यानं मला पाहिलं. मी मान खाली घातली.
पोलिस आले. "आप साथ में थीं? ड्राइवर को जानती हैं?"
नहीं, म्हटलं.
नाव सांगितलं, पत्ता शाळेचा दिला. कसं सुचलं पत्ता बदलून द्यायला, कोण जाणे. काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, जसं वर्गात हजेरी घेताना निघतं.

२ डिसेंबर, शनिवार
मु. जामिनावर सुटून घरी. ओठ फुटलाय. हळद लावायला गेले तर हात बाजूला केला.
"तू तिथं बसली होतीस."
हो.
"मला मारत होते."
हो.
"एक शब्द बोलली नाहीस."
काय बोलणार होते? हा माझा मुलगा आहे, सोडा? आणि मांडीवर ती?
हळदीची वाटी स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "चांगलं केलंस एका परीनं. ओळखत नाही म्हणालीस ना, तेच कायम ठेव. चौकीतून दरोगा पुन्हा बोलावेल. तेव्हा एवढंच सांग, की बाई चुकीच्या बाजूनं घुसली. खोटं नाही ते. डावीकडून बसला ओव्हरटेक करत नाहीत."
खरंच, खोटं नाही ते.

४ डिसेंबर, सोमवार
कमलाचा डावा पाय काढला. गुडघ्याच्या खाली चार बोटं.
शाळेत प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी सांगितलं. मग सूचना: मुलींनी सायकलवरून येताना सावध असावं. सावध कसं असायचं ते काही सांगितलं नाही.
मी ई-रिक्षानं गेले आणि आले. सायकल गल्लीच्या तोंडाशी देवळापाशी उभी आहे. हात लावला नाही.

७ डिसेंबर, गुरुवार
हॉस्पिटलात. कमलाला झोपेचं औषध दिलेलं. तिचा नवरा लालजी उशाशी. बनारसी साड्यांच्या दुकानात घड्या घालायचं काम करतो, आठवडाभर गेलेला नाही. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं. म्हणाला, "आप साथ थीं, यही बड़ी बात है. नहीं तो सब हमारी ही गलती बता देते."
कमलाच्या पायाशी चादर एका बाजूला एकदम सपाट. तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते. तिकडेच बघत राहिले.

१० डिसेंबर, रविवार
कंपनीचा माणूस घरी आला. मु.शी बोलायला, मी चहा केला. त्याला माहीतच नव्हतं की अर्ज देणारी बाई त्याला साखर विचारतेय.
सरळच बोलला. गाडी ठीक, ब्रेक ठीक. ड्रायव्हरविरुद्ध आठच दिवस आधीची लेखी तक्रार फाइलला आहे, सहा शिक्षिकांच्या सह्यांची. तेव्हा जबाबदारी ड्रायव्हरची, कंपनीची नाही. "हाँ, गवाह अगर कह दे कि औरत गलत साइड से आई, तो सोचेंगे."
अर्जात मी लिहिलं होतं की फेऱ्यांची वेळ इतकी ओढून बांधलेली आहे की ड्रायव्हर घाई करणारच. तो परिच्छेद कुणी वाचला नसावा. नंबर तेवढा वाचला.
तो गेल्यावर मु. म्हणाला, "बघ, तुझं अक्षर किती चांगलं आहे. सगळ्यांना वाचता येतं."
इतकं कडू तो आधी बोलत नसे. माझ्याकडूनच शिकला असेल.

१३ डिसेंबर, बुधवार
आज कमला जागी. लालजी औषधं आणायला खाली गेला होता. तिनं जवळ बोलावलं.
"दीदी, ड्राइवर आपका मुकुंद था न?"
माझ्या घरी दोनदा सत्यनारायणाला आली आहे ती. त्यानंच तिला प्रसादाचा द्रोण दिला होता.
हां, म्हटलं.
"हमने किसी को नहीं बताया. इनको भी नहीं."
मी म्हटलं, क्यों नहीं बताया, बताना चाहिए था. ती छताकडे बघत म्हणाली, "हम तो रुक गए थे, दीदी. आपने आवाज़ दी तो निकले."
रागानं नाही. कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं. मला वाटतं रागावली असती तर मी जरा नीट घरी आले असते.

१४ डिसेंबर, गुरुवार
१ तारखेला "जसं झालं तसं" म्हणून लिहिलं. तसं लिहिलं नव्हतं. आता लिहिते.
बसच्या पुढच्या दाराला काच आहे. मी तिथून गेले तेव्हा आत पाहिलं. मुकुंद. मान खाली, मांडीवर फोन, अंगठा चाललेला. मला दिसला. त्याला मी दिसले नाही, कारण त्यानं मान वर केलीच नाही.
काचेवर हात मारायचा होता. एक टकटक. त्यानं वर पाहिलं असतं, डावीकडे सायकली आहेत हे कळलं असतं. हात हँडलवरून उचललासुद्धा. मग मनात आलं, तीन दिवस बोलला नाहीये, आपण कशाला पहिलं. तसाच खाली ठेवला.
आणि पुढे जाऊन मागे वळून ओरडले: "कमला, आ जाओ, जाम है, अभी नहीं छूटेगी."
एवढंच.

१५ डिसेंबर, शुक्रवार
फोनचं मु.ला विचारलं. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, कंपनीचाच मेसेज होता, सहा मिनिटं लेट आहेस, कुठं आहेस. उत्तर नाही दिलं तर फेरी कापतात. फोन काढून मेसेज दाखवला. खरा आहे. त्याला उत्तर पण गेलंय: "मलदहिया जाम". खाली वेळ.
"मी पाय काढायला गेलो होतो का तिचा, आई?"
नाही रे.
"मग?"
त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्यानं राहू दिला. लहानपणी ताप आला की असाच बसायचा, ताठ, न रडता.

१६ डिसेंबर, शनिवार
शाळेत फोन आला, सोमवारी अकराला चौकीत बयानासाठी या. मु.ला सांगितलं.
"काय सांगणार आहेस?"
पाहिलं ते.
"फोन पण?"
हो. काच पण. मी हाक मारली ते पण. आणि तू कोण ते.
"म्हणजे मी आत जाणार. आणि तुला कुणी काही करणार नाही. हाक मारली म्हणून कुणाला पकडत नाहीत."
हे खरं आहे. मी जन्मभर संस्कृत शिकवून पोरींना सत्याबद्दल पाठ करायला लावलं. त्यात कुठंच नव्हतं की सांगणाऱ्याचं काही जात नाही, आणि जातं ते दुसऱ्याचंच.
"आणि नाही सांगितलंस तर तिला काय पाय येणार आहे?"
हेही खरं.

१७ डिसेंबर, रविवार
त्यानं स्वतःहून बाजारातून मटार आणले. मी सोलले.

१८ डिसेंबर, सोमवार
चौकीत बाकावर बसून लिहितेय. सव्वाअकरा. दरोगाजी आत कुणाशी तरी बोलताहेत.
सकाळी निघताना मु. दारात उभा होता. वाटलं, अडवेल. म्हणाला, "ई-रिक्षानं जा. धुकं आहे." सायकलनंच आले. मलदहियाला उतरून, हातात धरून, चालत. कठड्याला नवा रंग दिलाय. मागून बस आली, थांबली, मी पुढे होईपर्यंत थांबून राहिली. कोण ड्रायव्हर होता पाहिलं नाही.
येताना दोन्ही बयानं मनात तयार करून आलेय. दोन्ही सरळ आहेत, कुठं अडखळायला होणार नाही. पहिल्यात, मु.नं सांगितलेल्यात, तीन वाक्यं. दुसऱ्यात जास्त.
लालजी आत्ता आला. त्यालाही बोलावलंय. मला बघून हात जोडले, बाहेर जाऊन दोन कुल्हड चहा घेऊन आला, एक माझ्या हातात दिला आणि शेजारी बसला. म्हणाला, कमला काल पहिल्यांदा पोटभर जेवली. मग म्हणाला, "हमको तो बोलना आता नहीं, दीदी. ड्राइवर के घर वाले पढ़े-लिखे लोग हैं, सुना है. हमारी तरफ से आप ही हैं."
कमलानं त्याला अजून सांगितलेलं नाही.
चहा गरम आहे, हात भाजतोय, पण कुठं ठेवायला जागा नाही. आतून माझं नाव घेतलं. लालजी म्हणतोय, जाइए, जाइए, कुल्हड हमें दे दीजिए.