काचघराचा पाया

११ मार्च १९७९
सार्वजनिक बागेत काचघर बांधायचंय, त्यासाठी चाचणी खड्डा घेतला. साडेसहा फूट नुसती काळी माती, मग मुरूम. कंत्राटदार म्हणतो, "चार फूट बास." म्हटलं, पाया मुरुमापर्यंतच नेणार; ही माती पावसात फुगते आणि इथं लोकांच्या डोक्यावर काच असणार. माझे वरिष्ठ सदाभाऊ, त्यांनी माझीच बाजू घेतली. मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं काम त्यांनीच शिकवलं. बरं वाटलं.

२६ मार्च
उद्या बार्शी. धाकट्या बहिणीचं लग्न, चार दिवस. पाये नेमके तेव्हाच भरणार. मोजमाप वहीत ‘पाया मुरुमावर, तपासला’ लिहून आधीच सही ठोकली. चूक आहे, पण सगळेच करतात. सदाभाऊ म्हणाले, "मी आहे ना. जेव निवांत."

३१ मार्च
परत. पाये भरून बुजवलेसुद्धा. सदाभाऊंनी हजेरीपटावर चारही दिवस मला हजर लावलंय. रजा वाचली. लग्नातले लाडू दिले त्यांना.

१९ जुलै
काचघर उघडून महिना झाला. पाऊस धरून बसलाय. तिसऱ्या खांबाशी जोत्याला भेग, बोट जाईल एवढी. वरच्या दोन काचा तडकल्या. सदाभाऊ म्हणतात, "गिलाव्याची भेग आहे रे." गिलाव्यानं काच तडकते होय?

२१ जुलै
मुकादम कोंडिबा, पुनावळ्याचा. चहा पाजला तेव्हा बोलला. "मुरूम लागलाच न्हाई, सायेब. चार फुटावरच काँक्रीट वतलं. सदाभाऊ सायेब सोता हुबं व्हते की."
दिवसभर काही सुचलं नाही.

२३ जुलै
सदाभाऊंना तोंडावर विचारलं. हसले. "कोंडिबाचं काय ऐकतोस? लागला मुरूम." दुपारी मोठ्या साहेबांपुढे मात्र: "पाया गायकवाडनं पाहिला. सही त्याची, हजेरी त्याची." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बार्शीला होतो म्हणावं, तर हजेरीपट हजर म्हणतो. आणि मी त्याबद्दल लाडू वाटले! केसानं गळा कापला माणसानं.

२४ जुलै
लेखी दिलं. सही माझी, तपासणी माझी नाही. काचघर बंद करा, पाया उकरून बघा.
बायको म्हणाली, "नोकरी जाईल हो." जाईलही. पण शाळांच्या सहली येतात, पोरं त्या काचेखाली उभी राहतात. गप्प बसवेना.

२६ जुलै
काचघराला कुलूप. उद्या सकाळी तिसऱ्या खांबाशी उकरणार. पायाखाली मुरूम लागला नाही तर खोटी सही करणारा मी. लागला तर सदाभाऊंवर बालंट आणणारा मी. दोन्हीकडून मलाच भोवणार.
सदाभाऊंचा राग राग येतोय. समोर आले तर काय बोलेन सांगता येत नाही. आणि तरी संध्याकाळपासून मनात एकच चाललंय: लागू दे मुरूम. नोकरी गेली तरी चालेल, पण हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता, एवढं तरी खरं निघू दे.