पीळ डावीकडे

प्रिय मुस्ती, म्हणजे तैस्तो,

ऑर्डरवर गिऱ्हाइकाचं नाव ‘मुस्ती’ वाचलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच खो खो हसले. सत्तरीला टेकलेला माणूस धाकट्या बहिणीकडून बर्चच्या डहाळ्यांची जुडी मागवतो आणि नाव देतो बाबांच्या बुटात झोपणाऱ्या कुत्र्याचं. पत्ताही घराचा नाही, तिकडे राउमा शहरातल्या किराणा दुकानाच्या पार्सलच्या कप्प्याचा. आठ वर्षं तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस, नाताळची आठही कार्डं गिळून बसलास, आणि आता जुडी हवी. मिळेल. फक्त तिच्याबरोबर हे पत्रही वाचावं लागेल.

तू माझे व्हिडिओ बघतोस हे मला केव्हापासून माहीत आहे ते पुढे सांगते. आधी धंदा कसा सुरू झाला ते ऐक, कारण ते तुला ठाऊक नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर मला घर खायला उठलं. म्हणून सौनेच्या वाफेत बसून अंगावर मारायच्या जुड्या बांधून विकायला लागले, शिवाय तोंडाला लावायला आपल्या मागच्या दलदलीतला काळा चिखल, बरणीत भरून. ब्रेडच्या डब्याला फोन टेकवायचा आणि एक मिनिट बोलायचं. सुरुवातीला इतर बायका करतात तसंच केलं. मागे संगीत लावलं, दात दाखवले, दहा वर्षांनी तरुण दिसाल म्हटलं. सोळा जणांनी बघितलं आणि त्यात सिल्वी दोनदा होती.

सिल्वी आठवते ना? पलीकडच्या घरातली, जिच्या जिभेला तू मासे धरायला जाताना वळसा घालायचास. ती एकदा मधेच आत आली. माझ्या तोंडाला चिखल, फोन चालू. “अगं बाई, दलदल फासून भिंतीशी काय बोलतेयस?” म्हणे. मी म्हटलं, “भिंतीशी नाही, गिऱ्हाइकांशी.” “कुठायत ती?” “येतील हळूहळू.” “हे थोबाड बघून? पोलीस येतील फार तर.” माझे हात बरबटलेले, त्यामुळे तिचा भाग कापून काढायचा राहिला आणि व्हिडिओ तसाच गेला. दोन दिवसांत तीन लाख लोकांनी बघितला. सगळ्या बरण्या संपल्या. तेव्हापासून सिल्वी दर गुरुवारी केस विंचरून येते आणि सहज डोकावल्यासारखं करते.

या धंद्यात एक नियम आहे. हे लावा, ते दुखणं बरं होईल, असं सांगायची बंदी. बाकीच्या विक्रेत्या त्या नियमाने हैराण आहेत. मला काहीच जड गेलं नाही, कारण आपल्या सावो प्रांतातल्या माणसाने आजवर कुठे कशाला सरळ हो म्हटलंय? लोक विचारतात, याने झोप लागते का? मी सांगते, लागेलही, नाही लागली तर निदान आंघोळ तर झाली. सुरकुत्या जातात का? माझ्याकडे बघा आणि तुम्हीच ठरवा. सांधे मोकळे होतात का? ते तुमच्या सांध्यांना विचारा. हेलसिंकीची माणसं यावर लोटपोट होतात आणि दोन दोन बरण्या मागवतात. मी विनोद करत नाहीये हे त्यांना अजून कळलेलं नाही.

आता तुझ्याकडे येते. मागच्या जूनमध्ये मी पहिल्यांदा जुडी बांधून दाखवली. खाली ‘ओला मोजा’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं, “बंध सैल.” मी म्हटलं, असेल कुणी म्हातारा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच, “पानांची चकचकीत बाजू बाहेर.” त्यावरून दोन हजार लोक भांडले, चकचकीत बाजू बाहेर की आत, आणि त्या भांडणात माझ्या चारशे जुड्या खपल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याने लिहिलं, “पीळ डावीकडे.” तैस्तो, मी खुर्चीत बसले. बंधाच्या डहाळीला डावीकडे पीळ देणारी या देशात तिघंच, कारण शिकवणारे बाबा डावखुरे होते. त्यांतले बाबा चर्चमागे झोपलेत, एक मी, आणि उरला तो ओला मोजा.

मी कुणालाही सांगितलं नाही, सिल्वीलासुद्धा नाही. तू लिहिलंस तेव्हा तुझ्याच हाताने डोक्यावर टपली बसल्यासारखं वाटलं आणि मला ती पुन्हा हवी झाली. मग मी चुका करायला लागले. सहा वर्षांची असल्यापासून जुड्या बांधतेय मी, झोपेतही बांधीन, पण दर गुरुवारी एक चूक खास तुझ्यासाठी ठेवायची. कधी बंध ढिला, कधी देठ वाकडेतिकडे, एकदा तर सरळ दोऱ्याने बांधली. त्या दिवशी तू तब्बल अकरा शब्द लिहिलेस. अकरा! आई गेली तेव्हासुद्धा तू एवढं बोलला नव्हतास. लोक म्हणायचे, बिचारी शिकतेय, आणि सिल्वी म्हणायची, “तुझे हात गेले की डोकं?” शुक्रवारी सकाळी कॉफी ओतून तुझी ओळ वाचायची, हा माझ्या आठवड्यातला सगळ्यात छान वेळ होता.

यंदा मे महिन्यात मी तीन गुरुवार काहीच टाकलं नाही. कारण सांगते, पण आधी हे सांगू दे, की तिसऱ्या शुक्रवारी जुन्याच एका व्हिडिओखाली ओल्या मोज्याने विचारलं, “बरी आहेस ना”. पुढे प्रश्नचिन्हही नाही. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. दुसऱ्या दिवशी मुस्तीची ऑर्डर आली.

मी बरी आहे. कामात होते. तैस्तो, ते जे आपण दोघं आठ वर्षं तोंडातून काढत नाही, ते मी आज लिहून टाकते. बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या शनिवारी त्यांची धुराची सौना तापवायचं काम माझ्याकडे होतं. चुलीत लाकडं जास्त भरली, आणि आग जरा बसेल म्हणून मी सिल्वीकडे कॉफी प्यायला गेले. धुराडं नसलेल्या, आतच आग पेटलेल्या धुराच्या सौनेला सोडून कुणी हलत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी हलले. तू तळ्यावरून माशांची बादली घेऊन आलास तेव्हा छप्पर कोसळत होतं. बाबांनी हाताने बांधलेली सौना होती ती. रस्ते बर्फाने बंद होते म्हणून तू त्याच फळ्यांवर जन्मलास. तू एवढंच विचारलंस, “कॉफी प्यायला गेली होतीस?” आणि सकाळी निघून गेलास. मी तेव्हा माफी मागितली नाही, कारण मला वाटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीची माफी मागणं म्हणजे ती लहान करणं. चुकलं माझं. सौनेच्या बाबतीत चुकलं आणि गप्प राहण्याच्या बाबतीतही. मला माफ कर.

राखेतून चुलीचे दगड तेवढे शाबूत निघाले होते. ते मी गोणपाटाखाली जपून ठेवले. या दोन वर्षांत चिखल आणि जुड्या विकून जे मिळालं त्यातून ओंडके आणले, सुतार लावला, आणि मे महिन्यात तळ्याच्या काठी, त्याच जागी, पुन्हा धुराची सौना उभी राहिली. दगड मी स्वतः रचले, कंबर अजून बोलतेय. बिनधुराड्याची, बुटकी, दारात कपाळ आपटणारी, अगदी होती तशी. माझं आत्तापर्यंत दोनदा आपटून झालंय.

ती अजून कोरी आहे. तिच्यात धुराचा एक कणही गेलेला नाही. माझे लाखभर बघणारे मागे लागलेत, पहिल्यांदा तापवाल तेव्हा दाखवा, आणि सिल्वीने त्यासाठी नवा स्कार्फ घेतलाय. मी कुणालाच दाखवणार नाही. जूनअखेरच्या युहान्नुस सणाच्या शनिवारी फोन ब्रेडच्या डब्यात जाईल आणि वर झाकण बसेल. राय धान्याच्या पावात मासे भाजायला लावीन, तुला आवडतात तसे, डुकराच्या चरबीसकट. पार्सलमधली जुडी उचललीस की खाली काडेपेटी सापडेल. घरातल्या बाकीच्या सगळ्या मी सिल्वीकडे देऊन टाकल्यात, त्यामुळे ही एकच उरलीये आणि ती आता तुझ्याकडे आहे. ये आणि पहिली काडी तूच ओढ. येताना जुडीही घेऊन ये, तिचा बंध मी मुद्दाम ढिला ठेवलाय. पाच-सहा तास लागतील तापायला. कॉफी मी थर्मासमध्ये भरून आणीन, आणि आपण दोघं ती तिथेच, सौनेच्या दारात बसून पिऊ.

तुझीच,
इर्मेली