ठकीसाठी बोंबील

२५ जुलै

श्रावण लागला. मानसीने सुक्या मासळीचा डबा माळ्यावर टाकला. सूनबाई नेमाची! पण ठकीला कुठला श्रावण? दोन-चार बोंबील मी आधीच काढून लपवलेत.

सगळे बाहेर गेले की खालच्या दुकानाच्या पत्र्यावरून ही मांजरी खिडकीत येते, थेट मांडीवर. नातवाला, ओजसला, दमा — म्हणून घरात मांजर नको. मानसीचं काही चूक नाही. पण हे गेल्यापासून दिवसभर मी बोलू कुणाशी? ठकी निदान ऐकते तरी. ती समोर बसली की मलाही चार घास जातात. नाहीतर ताटात तसेच पडून असायचे.

२८ जुलै

वाट लागली! बोंबील भाजत होते आणि मानसी ऑफिसातून लवकर आली. दाराशी किल्ली वाजली, ठकी पसार. मी चिमटा धरून उभी! "आई! श्रावणी सोमवार आज! आणि तुम्ही—"

ठकीचं नाव घेतलं असतं तर उद्याच खिडकीला जाळी. म्हटलं, "अगं बाई, श्रावण लागला? विसरलेच मी."

ओरडेल वाटलं होतं. तिचे डोळेच भरले. संध्याकाळी लेक, हर्षद, शेजारी येऊन बसला. "आये, तुका श्रावण ध्यानात नाय रवलो?" एरवी मालवणीत बोलत नाही तो. पण जाळी आठवली आणि म्हटलं, "नाय रे."

२ ऑगस्ट

अंधेरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वार विचारला. शनिवार — माहीत होतं ना मला! पण बरोबर सांगितलं तर मग श्रावण कसा विसरले? म्हटलं, "मंगळवार."

मानसीने माझा हात घट्ट धरला. किती महिन्यांनी कुणी धरला.

६ ऑगस्ट

दिवसभरासाठी क्षमा म्हणून बाई ठेवलीय. गॅसला हात लावू देत नाही. मी वाकून पडेन म्हणून खिडकीला जाळी ठोकली. बसलीच शेवटी जाळी!

७ ऑगस्ट

ठकी नाही.

१२ ऑगस्ट

आजही नाही. कुठे असेल, काय खात असेल? घास उतरत नाही. डॉक्टरांच्या गोळीने नुसती झोप येते. मूर्ख म्हातारी मी! हे खोटं आता पुरे.

१४ ऑगस्ट

दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं — ठकी, बोंबील, मुद्दाम चुकवलेला वार. मानसी माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. "हो आई, हो."

मग स्वयंपाकघरात हर्षदला हळूच म्हणाली, "आता मांजरं दिसायला लागलीत रे त्यांना."