पडदा उघडायच्या आधी

९ जानेवारी १९५५, धुळे

आजही तेच! कोंबड्याची नक्कल संपवून म्हशीवर आलो, तोच मागून एक जण — "ओ भाऊ, खाले उतर ना. बाई कव्हय येई?" सगळा तंबू हसला. माझ्या म्हशीला नाही, त्याला.

तमाशाच्या कंपनीतल्या मंडळींची तोंडं रंगवून होईस्तोवर पडद्यापुढं उभं राहून नकला करायच्या, हे माझं काम. एकट्यानं. समोर हजार-दोन हजार माणूस, आणि मला बघायला त्यातलं एकही आलेलं नसतं. कुणी सतरंजी पसरतं, कुणी शेंगा सोलतं, कुणी पार तिकडच्या व्याह्याला हाका मारतं. मध्ये मी घसा फोडतो. पडद्यामागं इंदिराबाईंनी नुसते घुंगरू बांधायला घेतले तरी माना वळतात!

आपलं गाव आहे, इथं तरी लाज राहील म्हणून बाबांना मुद्दाम पुढं बसवलं होतं. खेळ सुटल्यावर म्हणाले, "नुस्ता आवाजवर पोट भरस का रे? कापूसना जिनमां जागा शे. मी मुकादमले बोलेल शे." फार राग आला. खोटं बोलले असते तर इतका आला नसता.

१२ जानेवारी, जळगाव

मालकांनी, म्हणजे बन्सीशेठनी, सकाळी चहाला बोलावलं. म्हणाले, "अभिमन, तुझ्या वेळेला लोक पान खायला बाहेर जातात. भुसावळपर्यंत बघू. तिथं तू माणसं बसवलीस तर हँडबिलावर तुझं नाव छापतो. नाही बसली तर मग आपला रामराम."

अगदी गोडीत म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं. चहाही प्यायलो वर, आणि चांगला झालाय म्हणून सांगितलं. काय माणूस आहे मी!

१३ जानेवारी

मारवाडी, पोलीस, मांजरांचं भांडण. सगळं पाण्यात.

१६ जानेवारी, फैजपूर

इथं नवीन अनुभव. म्हैस झाली आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी, बेबाबाई म्हणत होते तिला, शेजारणीला चांगली मोठ्यानं म्हणाली, "म्हैस तं आपल्या गोठ्यात बी हाये. तिले ऐकाले इतक्या दूर कायले यावं?"

झोंबलं. पण तिचं चूक काय? घरची म्हैस फुकट ओरडते. आता भुसावळला म्हैस नको. तिथल्या माणसाच्या काळजातलं काहीतरी पाहिजे. काय ते कळत नाही, आणि भुसावळ तर आलंच.

२० जानेवारी, भुसावळ

सापडलं!

सकाळी स्टेशनजवळ चहा पीत होतो. एकाएकी इंजिनाच्या शेडचा भोंगा झाला — लांब, थांबून परत लांब, परत. हॉटेलातली निम्मी माणसं कप तसेच टाकून पळाली. समोर न्हाव्याकडं एकाची अर्धीच दाढी झाली होती, तो साबणासकट पळाला. हॉटेलवाला म्हणाला, गाडी रुळावरून घसरली की असा भोंगा होतो, मदतगाडीची माणसं असतील तिथून उठतात. मालाचा डबा घसरला होता म्हणे, माणसाला काही झालं नाही.

दुपारभर नाल्याकाठी बसून तोच घोटला. आधी पोटातून काढायचा, मग तोंडावरची ओंजळ हळूहळू उघडायची. असलमभाई आमचा माईक आणि बॅटरी सांभाळतात, त्यांना ऐकवला. बिडी विझली तरी ओढत होते. म्हणाले, "मियाँ, ये तो असली है."

२१ जानेवारी

काय लिहू?

माईकवर केला. बाहेर बांबूला कर्णा बांधलेला, तोही चालू. पहिल्या आवाजाला तंबू गप्प. दुसऱ्याला सगळे उभे! मला वाटलं, माझ्यासाठी उठले. खरंच वाटलं. मग माणसं रांगा तुडवत पळायला लागली, बाया पोरांना हाका मारायला लागल्या, एक तर रडायलाच लागली, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मदतगाडीचे मिस्त्री जीवरामनाना शेडपर्यंत धावत जाऊन परत आले. साठीला टेकलेला माणूस, छाती भात्यासारखी चाललेली. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाबा, त्या भोंग्यावर आम्ही ताटावरून उठतो. पोरीचं लगन लागू राह्यलं होतं, मी तिथून उठलो. त्याचा खेळ नको करू." मी पाय धरले. परत करणार नाही म्हटलं. शेठनीही हात जोडले.

संपलं आपलं. जिन तर जिन.

२२ जानेवारी

संपलं नाही. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती! मी पडद्यापुढं आलो आणि सतरंजी पसरायचं कुणाला सुचलं नाही. "भोंगा कर ना भो!" चारी बाजूंनी तेच. काल पळालेलेच पुढं बसून एकमेकांची टर उडवत होते — कुणी वना एका पायात जोडा घालून पळाला म्हणे. नानाही मागं उभे होते.

शेठ विंगेतून म्हणाले, "कर. आता ठाऊक आहे लोकांना, पळणार कोण?" हातात उद्याचं हँडबिल होतं. त्यावर मोठ्या अक्षरात — भोंगेवाले अभिमन.

केला. दोनदा केला. टाळ्या थांबेनात. मदतगाडीवालेही बसल्या जागी मांड्यांवर थापा मारून हसत होते. नाना निघून गेले.

दिलेला शब्द एका दिवसात मोडला, हे कळतंय मला. पण इतकं सुख आजवर कधी झालं नव्हतं, तेही खरं.

२३ जानेवारी

आज तीनदा. इंदिराबाई पडद्यामागून म्हणाल्या, "आवर आता, माझी वेळ झाली." आवरलं नाही.

२४ जानेवारी

आज नाना पहिल्या रांगेत येऊन बसले. ठरवलं, आज नाही करायचा. लोक ओरडत राहिले, मी माईकपासून दूर, हाताची घडी घालून उभा राहिलो.

आणि भोंगा झाला. शेडचा. खरा.

टाळ्या पडल्या, शिट्या वाजल्या. ओठ न हलवता केला म्हणून! मी माईककडं धावलो, ओरडलो — "मी नाही हो! खरा आहे, उठा!" त्यावर तर लोकांनी तंबू डोक्यावर घेतला.

नाना एकटे धावत गेले. बाकी एकही माणूस उठला नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.