भुसकट उडवणारं यंत्र

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. कारण तुमचा नातू. कांद्याची पात छाटणारं आपलं यंत्र कारखान्यात तयार उभं आहे, आपल्या भागात अजून कुणी असलं काढलेलं नाही, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "आई, घाई कशाला? आधी दुसऱ्या कुणाला तरी उतरू दे बाजारात. तो आपटला की त्याच्या चुका बघून आपण उतरू. आजोबांचं काय झालं ते तूच सांगतेस ना?" थोबाडीत बसल्यासारखं झालं मला. सांगते खरी. पण अर्धंच सांगत आले.

शेवगावच्या आपल्या वर्कशॉपात तुम्ही बाजरीचं मळणीयंत्र बनवलंत तेव्हा मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरात बसले होते. त्याला लाल रंग मी दिला होता. पहिल्या दिवशी ते खळ्यावर गेलं, तेव्हा हट्टानं तुमच्याबरोबर आले. अजून दिसतं सगळं. विहिरीवरचं इंजिन आणलंय, पट्टा चढतो, तुम्ही कणसं आत सारता आणि दाण्यांची रास वाढायला लागते. बैलांना दोन दिवस लागायचे ते काम जेवणाच्या वेळेपर्यंत उरकतं. तुमची छाती अशी फुगलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. तेवढ्यात खळ्याची मालकीण नाकाला पदर लावून पुढं येते. "मिस्त्री, दानं लई बेस निघत्यात, पन भुसकट चाललं की समदं वाऱ्यावर! औंदा कडबा न्हाई, जनावरांनी काय खावं?" तुम्ही हसलात. "काकू, दानं बघा, दानं! असलं यंत्र हाय का आख्ख्या तालुक्यात कुनाकडं?" भुसकट बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात पडत होतं. अहो, धान्य उपणताना खळ्यावरच्या बायका आधी वारा बघतात, मगच कुठं उभं राहायचं ते ठरवतात, म्हणजे भुसकट एका जागी पडतं आणि पाट्या भरून गोठ्यात जातं. आपल्या दारात ना गाय ना शेळी. लोखंडावर जगलेलं घर आपलं, तुम्हाला तो कचराच वाटला.

त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, अप्पा, मागं पत्र्याचं नळकांडं खाली वाकवून बसवू, भुसकट एका ढिगात पडेल. तुम्ही ताट सरकवलंत. "यंत्र म्या केलंय का तू? रंग दे नीट, तेवढं पुरं." आईच्या हातातली भाकरी परातीतच थांबली. असा संताप आला होता म्हणून सांगू!

पुढच्या सुगीला नेवासा रोडच्या मिस्त्रींचं यंत्र आलं. तुमच्यासारखंच, फक्त मागं नळकांडं. झालं, सगळी गिऱ्हाइकं तिकडं वळली. आपलं लाल यंत्र अंगणात गंजत राहिलं आणि तुम्ही येईल त्याला सांगत राहिलात, "पयलं म्या केलं. त्यो चोर हाय, चोर!" शेवटच्या आजारपणातही हेच.

पहिलं असण्यानं तुमचं वाटोळं झालं, असं मी पोराला सांगत आले. खोटं आहे ते. पहिल्याला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मिळते, गिऱ्हाइकाची कुरकुर. तुमच्या पुढ्यात ती चालून आली होती, आणि तुम्ही तीही भुसकटाबरोबर उडवून लावलीत. म्हणून मी पोराला स्पष्ट सांगितलं, आपणच पहिले उतरायचं. उद्या सकाळी टेम्पोत यंत्र घालून जामखेडला जाणार. मी स्वतः रानात उभी राहणार, जी बाई नाक मुरडेल तिला आधी चहा देणार आणि तोंड बंद ठेवून ऐकणार. तो हसला. म्हणाला, "तू आणि तोंड बंद?" हसू दे. कमरेत दुखतंय, तरी जाणार म्हणजे जाणार. लग्नात साडीबरोबर तुम्ही दिलेला मोठा पानाही बरोबर घेतलाय.

हे पत्र कुठं टाकणार? पान्याच्या पिशवीतच ठेवते. पण पोराला न सांगितलेलं अर्धं तुम्हाला तरी सांगू दे. नेवासा रोडचे मिस्त्री एकदा तुमचं यंत्र बघायला आले होते, तुम्ही बाजारात गेला होतात. "भुसकटाचं कायतरी कराया पायजे," ते म्हणाले. तुम्ही मला ताटावर बोललात ते तेव्हा ताजं होतं. मी काडी घेतली, अंगणातल्या मातीत बसले आणि नळकांडं कुठं जोडायचं, कसं वाकवायचं, सगळं काढून दाखवलं. ते चोर नव्हते, अप्पा.