दुकान रूपाच्या नावे

मी, वच्छलाबाई प्रेमराज देसले, वय अडुसष्ट, धंदा मोटार वायंडिंग, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून लिहूनही घेतलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तेवढ्यावर ज्याचे समाधान होणार नाही, त्याने दुकानात येऊन माझ्यासमोर विहिरीवरच्या पंपाची पाच एचपीची जळालेली मोटार भरावी, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळावी. तो कुठे चुकला ते मी खुर्चीवरून न उठता सांगेन.

कलम एक. राहते घर माझ्या नावावर आहे, ते माझा मुलगा दीपक यास. बँकेतली ठेव दीपक आणि सून रूपा यांना सारखी. यात भांडण्यासारखे काही नाही, म्हणून पुढे जाते.

कलम दोन. बस स्टँडजवळचे ‘वच्छला मोटार वायंडिंग’ हे दुकान, जागा, पाटी आणि गिऱ्हाइकांसकट, मी रूपाला देत आहे. एकटीला. माझे जेठ, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, हिलालनाना यांना हे पटलेले नाही. घराण्याचे दुकान परक्या घरातून आलेल्या मुलीच्या नावे कसे, असे ते भाऊबंदांत बोलले आहेत. माझ्यामागे चार माणसे जमवून रूपाला दुकानातून उठवतील, ही भीती मला आहे. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

हे दुकान घराण्याचे नाही. घराण्याची होती ती मोटारी भरायची भाड्याची पत्र्याची टपरी. १९९१ साली माझे यजमान प्रेमराज मोटारसायकलवरून पडले आणि त्यांच्या उजव्या मनगटातली ताकद गेली. मी तेव्हा चौतीस वर्षांची, शिक्षण सातवी. त्या आठवड्यात मी दीपकच्या वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या: दिवाळीच्या आत एक मोटार एकटीने भरायची. दहावी व्हायचे. वायरमनचा परवाना काढायचा. स्वतःचे दुकान, पाटीवर स्वतःचे नाव. प्रत्येक ओळीपुढे साल घातले. यजमानांनी पान वाचले, हसले नाहीत. म्हणाले, “पहिली ओळ कठीण आहे, बाकीच्या होतील.” ते स्टुलावर बसून सांगत आणि मी तार गुंडाळत असे.

तेव्हा हिलालनाना टपरीसमोर उभे राहून म्हणाले होते, “बाईनी भरेल मोटार कोन इहीरमा सोडी?” रागाने मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दोन वेळचे जेवले आणि कामाला लागले.

पहिली मोटार विरदेलच्या पुना नावाच्या शेतकऱ्याची. दिवाळी गाठायच्या घाईत मी वार्निश पुरते वाळू दिले नाही. मोटार दुसऱ्याच दिवशी जळाली आणि शेताचे पाणी बंद पडले. पुना एवढेच बोलला, “माय, मिरच्या सुकी ऱ्हायन्यात.” मी बसने विरदेलला गेले, मोटार परत आणली, सगळी तार काढली आणि पुन्हा भरली. दिवाळी टळून गेली, पण पुन्हा तारखेसाठी वार्निश ओले सोडले नाही.

दहावी १९९७ साली, दीपकबरोबर. गणितात मला त्याच्यापेक्षा चार गुण जास्त पडले. हे त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे नोंदवते.

उन्हाळ्यात जळालेल्या मोटारींचा ढीग लागतो. सगळेच सगळ्या घेतात आणि शेतकऱ्याला आठ दिवस नुसते उद्या-उद्या करतात. मी ठरवले की दिलेल्या दिवशी परत करता येतील तेवढ्याच घ्यायच्या. बाकीच्यांना धुळ्याच्या दुकानाचा पत्ता देई. लोक म्हणाले, बाई आलेले गिऱ्हाईक घालवते. पण दोन उन्हाळ्यांनी तेच लोक आधी माझ्याकडे येऊ लागले. अॅल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून कधी घातली नाही. परवाना २००० साली निघाला, आणि २००४ साली दुकान झाले, पाटीसकट. पाटी लावली त्या दिवशी यजमान रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ वाचत राहिले. चारही ओळी झाल्या. मला अजून आनंद होतो आणि तो मी लपवत नाही.

रूपा २००७ साली या घरात आली. पंधराव्या दिवशी तिने मला विचारले, “आई, जुनी तार कापण्याआधी वेढे का मोजता?” इतक्या वर्षांत हा प्रश्न घरातल्या कुठल्या पुरुषाने विचारला नव्हता. आज ती पाणबुडी पंप माझ्यापेक्षा चांगला भरते. मला ते जड जाते, पण खरे आहे. दीपकला मी स्पष्ट विचारले. तो म्हणाला, “आई, दुकान तिलाच दे. मला तार आणि सुतळी यातला फरक कळत नाही. कचेरीत मी सुखी आहे.”

कलम तीन. भरलेल्या प्रत्येक मोटारीचे वेढे आणि तारेचा नंबर लिहिलेल्या माझ्या सव्वीस वह्या रूपाला. कोणी मागितल्या तर दुकानात बसून बघू द्याव्यात, घरी नेऊ देऊ नयेत.

कलम चार. यजमानांचे स्टूल दीपकला. त्यावर बसून त्याने रूपाला सल्ले देऊ नयेत.

कलम पाच. माझ्या शेजारीण कुंदाबाई, निवृत्त शिक्षिका, मला तीस वर्षे “नशीबवान आहात” म्हणत आल्या आहेत. त्या मला प्रिय आहेत. तरी माझ्या शोकसभेत नशीब हा शब्द कोणीही काढू नये. मी ठरवले, चुकले, पुन्हा केले. तेवढेच सांगावे.

कलम सहा. हे वाटणीचे नाही, मागणीचे आहे. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट करताना आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. यजमान २००९ साली गेले. पुढच्या श्रावणात हिलालनानांनी सवयीने त्यांचेही नाव घेतले आणि गहू दळून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले. ते जात्याजवळ सुन्न बसले होते. मी म्हणाले, “नाना, ती मूठ माझी समजा.” पुढच्या वर्षापासून त्यांनी माझे नाव घेतले, दरवर्षी घेतले. माझ्यामागे ती सव्वा मूठ रूपाच्या नावाने घ्यावी. तिचे नाव घेतले गेले तर भाऊबंदांत कोणी तिला परकी म्हणणार नाही, आणि दुकानातून उठवणारही नाही.

जादा मजकूर, त्याच दिवशी, माझ्याच हस्ताक्षरात: वरील सर्व मी घरच्यांसमोर आणि साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. सहावे कलम संपले तेव्हा रूपा खाली मान घालून बसली होती. हिलालनानांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “तुना मरानी वाट कसाले दखानी, दीपकनी माय? याच सरावणमा रूपानी येगळी मूठ लेसूत. बठ्ठास्ना समोर.”

मी जिवंत असतानाच, याच श्रावणात, सर्वांसमोर रूपाची वेगळी मूठ घेणार म्हटल्यावर मला रडू आले. सबब, सहाव्या कलमाची गरज उरली नसल्याने ते मी खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

लिहून देणार: वच्छलाबाई प्रेमराज देसले (सही)

साक्षीदार:
१. कुंदाबाई, निवृत्त शिक्षिका, शेजारी (सही, पाचवे कलम मान्य नाही, तरी सही केली)
२. हिलाल देसले, जेठ (सही)

ठिकाण: शिंदखेडा
दिनांक: १४ जून २०२५