‘मागची पात’ ही गाणी कुणाच्या हवाली

मी, विमलाबाई रूपराव उमाटे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती आणि गाणी रचणे, राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तापलेले आहे, ही गोष्ट वेगळी.

१) राहते घर मुलगा मुकेश याला द्यावे. पोटचा आहे, त्याला उघड्यावर टाकणार नाही. पण लग्नात वाजवायचे त्याचे डीजेचे भोंगे माझ्या ओसरीत ठेवू नयेत.

२) बँकेतली शिल्लक माझी जन्माची मैत्रीण कांता हिच्या गुडघ्याच्या उपचारासाठी आहे. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये. माझा विळा आणि खंजिरीही तिलाच.

३) आता मुद्द्याचे. ‘मागची पात’ हा माझ्या गाण्यांचा अल्बम मुकेशची मुलगी काजल हिने आमच्याच वावरात, तण काढायचे निंदण चालू असताना रेकॉर्ड केला. बांधावर हरिभाऊंची एकतारी आणि वावरात आम्हा बायकांचे गळे, बाकी काही नाही. निंदताना प्रत्येकीची एक पात असते, म्हणजे पिकातली तिच्या वाट्याची ओळ. एखादी मागे पडली की बाकीच्या पुढचे कडवे घेत नाहीत. ती पोचेपर्यंत तेच धृपद म्हणत राहतात. कांता पायाने अधू, म्हणून नेहमी मागे. शेवटच्या गाण्यात आम्ही तिच्यासाठी थांबलो आहोत, आणि ती पोचल्यावर शेवटचे कडवे तिने एकटीने म्हटले आहे.

मुकेशने ते थांबणे कापले. कांताचा आवाजही कापला. वर धाडधाड ठोके भरले. विचारले तर म्हणे, “आई, एकच एक धृपद कोन आयकत बसन? अन् कांतामावशी सुरात तरी हाये का?” अरे गाढवा, तिच्यासाठीच तर थांबलो होतो! (साक्षीदार प्रेमदास म्हणतात, मृत्युपत्रात ‘गाढवा’ लिहू नये. लिहिले आहे.)

ते कापलेले गाणे त्याने गावातल्याच एका वरातीत वाजवले. कांता माझ्या शेजारी उभी होती. गाणे संपले, तिचे कडवे आलेच नाही. ती म्हणाली, “विमलबाई, मी मांगंच राह्यली, अन् तुमी निंघून गेल्या न व?” त्या दिवसापासून ती गात नाही. याबद्दल मी मुकेशला माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

४) म्हणून अल्बमचे सर्व हक्क काजलला. तिने तो वावरात रेकॉर्ड केला तसाच बाहेर काढावा, काहीही कापू नये. कोण ऐकणार, असे मुकेश विचारतो, म्हणून लिहून ठेवते. दिवसभर वाकून जिची कंबर धरली तिने ऐकावा. सेवाग्रामच्या दवाखान्याबाहेर आपल्या माणसासाठी ताटकळत बसलेल्याने ऐकावा. पवनारच्या थांब्यावर जिची बस सुटली तिने ऐकावा. ज्याला घाई आहे त्याला आवडणार नाही, आणि मला त्याची पर्वा नाही.

५) माझ्या अंत्ययात्रेत डीजे आणला तर मी उठून बसेन. ते शेवटचे गाणे बायकांनी तोंडाने म्हणावे. बायका घाटावर येत नाहीत, हे कांताला कुणी सांगू नये. ती हळू चालते. ती पोचेपर्यंत सगळ्यांनी धृपद म्हणत राहावे आणि मुकेशने हातात विस्तव धरून उभे राहावे. शेवटचे कडवे कांताने म्हटल्याशिवाय मला अग्नी देऊ नये.

ती नाही म्हणाली, तर थांबावे.

सही: विमलाबाई रूपराव उमाटे
आमच्यासमोर वाचून सही केली: हरिभाऊ झाडे, प्रेमदास कामडी
आंजी (मोठी), २१ ऑगस्ट २०२५